तळाचं पाणी

जुळी नातवंडं रांगायला लागली, त्या वर्षी सुनेचं वीजघर सुरू झालं. पातळ पडद्याच्या एका बाजूला नदीचं गोडं पाणी, दुसऱ्या बाजूला समुद्राचं खारं, त्यातून वीज. पण भरती आली की वीज निम्मी व्हायची. महिनाभरात सुधारलं नाही, तर कुलूप लागणार होतं.

माझ्या यजमानांनी चाळीस वर्षं नदीवरच्या बंधाऱ्याची दारं राखलेली. त्यांनी गोड्या पाइपाचं पाणी चाखलं आणि थुंकलं.

"सूनबाई, हे तर खारट! पाइप तळाशी कशाला?"

"तिथं पाणी आटत नाही, बाबा."

"भरतीचं खारं पाणी जड, ते तळानंच आत शिरतं. पाइपाचं तोंड पिंपांना बांधून वर तरंगू दे."

तसं केलं. पुढच्या भरतीला विजेच्या मीटरचा काटा खाली आला नाही. वीजघर आजही चालू आहे.

यजमान त्यानंतर सहा वर्षांनी, नऊ मार्चला सकाळी वारले.