तेजसची अब्रू

तेजसच्या वाढदिवसाला प्रियदर्शनीने त्याला स्वतःच्या आवाजात शुभेच्छा रेकॉर्ड करून पाठवल्या. त्यात थोडं गाणं होतं, थोडा लाडिकपणा आणि शेवटी एक मुका. दोघं खराडीच्या एकाच कंपनीत, एकाच टीममध्ये, आणि प्रेमही चांगलं मुरलेलं, एवढं चालायचंच. तेजसला मात्र त्याचं इतकं कौतुक वाटलं, की त्याने ते ऑफिसच्या मित्रांच्या ग्रुपवर टाकलं.

कँटीनमध्ये चहाच्या रांगेत मागून कुणीतरी तोच मुका हवेत उडवला, तेव्हा तिला कळलं.

"अगं, कौतुकानेच टाकलं," तेजस म्हणाला. "पोरं आहेत, हसणारच. आणि खरं सांगू? तू असलं काही पाठवायलाच नको होतं."

मॅनेजरने तिला केबिनमध्ये बोलावलं, पाणी दिलं आणि "तुझ्याच भल्यासाठी" दुसऱ्या टीममध्ये जायचं सुचवलं. बाहेर तेजसच्या पाठीवर थापा पडत होत्या.

अकोल्याहून नोकरीसाठी आलेली प्रियदर्शनी वाघोलीत वासंतीकाकूंच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायची. संध्याकाळी तिने काकूंना सगळं सांगितलं. काकू मटार सोलत होत्या.

"मुलींनी जपून राहावं गं," त्या म्हणाल्या.

"आणि मुलांनी?"

काकूंचा हात थांबला. "ते काही आम्हाला कुणी शिकवलं नाही बाई."

"त्याचेही मेसेज आहेत माझ्याकडे. रडलेले, लाडात आलेले."

"ऐकव की!"

"नाही हं. ते त्याने माझ्यासाठी पाठवलेत."

काकू हिरमुसल्या, पण पुढचे मटार त्यांनी जरा जोरातच सोलले.

शनिवारी सकाळी तेजस दारात उभा. काकूंनी त्याला अनेकदा चहा पाजला होता, तरी विचारलं, "आपण कोण?"

आत येऊन तो खुर्चीच्या टोकावर बसला. काकू काही हलेनात, तेव्हा त्यांच्यादेखतच त्याने प्रियदर्शनीला विचारलं, "माझे ते मेसेज तू डिलीट केलेस ना? मी टीम लीड होणार आहे. कुणी ते 'पिल्लू' ऐकलं तर माझं कोण ऐकेल? माणसाला काही अब्रू असते."

"पिल्लू?" काकूंनी विचारलं.

तेजस कानापर्यंत लाल झाला.

"अहो, मग असलं काही पाठवायलाच नको होतं तुम्ही," काकू अगदी मायेने म्हणाल्या.

प्रियदर्शनीला हसू आलं नाही. "मी ते कुणालाही ऐकवणार नाही," ती म्हणाली. "तू घाबरलास म्हणून नाही. माझ्यावर विश्वास ठेवून पाठवलेस म्हणून."

तेजसने सुटकेचा श्वास सोडला. "थँक्स यार. म्हणजे आता आपलं ठीक आहे ना?"

"नाही. आपलं संपलं. आणि सोमवारी मी कंपनीच्या तक्रार समितीकडे जातेय."

तो गेल्यावर ती वर जाऊन पोटभर रडली. तो 'पिल्लू' म्हणणारा आवाज तिला खरंच आवडायचा.

सोमवारी टीमच्या मीटिंगमध्ये तेजस स्वतःहून उभा राहिला. "तिला न विचारता मी तो मेसेज पुढे पाठवला. चूक झाली," तो म्हणाला. चक्क टाळ्या पडल्या. एकीने डोळे पुसले. "चूक कबूल करायला केवढं मोठं मन लागतं!" मॅनेजर म्हणाले आणि प्रियदर्शनीकडे वळले, "आता तूही जरा मोठं मन दाखव."

"माझं आहे तेवढं पुरे आहे, सर," ती म्हणाली.

जेवताना शेजारी बसलेल्या टीममधल्या मुलीने समजावलं, "असा माफी मागणारा मुलगा शोधून सापडत नाही." प्रियदर्शनीने डबा संपवला, हात धुतले आणि समितीकडे गेली.

चौकशी झाली. तेजसला लेखी ताकीद मिळाली, बढती लांबली आणि दुसऱ्या टीममध्ये त्यालाच जावं लागलं. कँटीनमध्ये लोक त्याच्यासाठी हळहळले आणि तिला 'फारच कडक' म्हणू लागले. काही जण तर तिच्या पुढे रांगेत उभं राहायलाही कचरायचे. चहा तिला लवकर मिळायला लागला.

एका दुपारी टेस्टिंगमधली एक नवी मुलगी चहाचा कप घेऊन तिच्या टेबलापाशी घुटमळली. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, "मॅडम, ती तक्रार नेमकी कशी करायची असते?"

प्रियदर्शनीने शेजारची खुर्ची ओढली आणि तिला बसायला सांगितलं.