सेवापुस्तकातला निळा डाग

"अक्का, हाई तीळनं तेल. मनी मायना हातनं शे. सकाय-संध्याकाय चोळ, बठ्ठं सुकी जाई," असं म्हणत शेजारच्या सविताने खिडकीत बाटली ठेवली. ती तिथली सातवी होती.

खोबरेल, करंज, एरंडेल, कडुनिंब आणि मोहरी आधीच येऊन उभी होती. सहावी बाटली असोद्याच्या झिपरूआबांची. तिच्यात काय आहे हे आबांनाही नक्की सांगता येत नव्हतं; फक्त त्यांच्या बैलाला गुण आला होता.

कलाबाईंनी डावा हात पदराआड घेतला. "चोळसू नही. मी फक्त धुसू."

"नुसतं पानीवर भागी का?"

"एकतीस वरीस त्यानावरच भागनं, व माय."

जळगावच्या एका सरकारी दवाखान्यात कलाबाई एकतीस वर्षं कक्षसेविका होत्या. काम जखमा धुण्याचं. जखम भरली की नातेवाईक पेढे डॉक्टरांना देत आणि रिकामा बॉक्स कलाबाईंना, टाकून द्यायला. एवढ्या वर्षांत त्यांना कोणी नावाने हाक मारल्याचं स्मरत नाही. 'मावशी' म्हटलं की काम होत असे, आणि काम झालं की मावशीही लागत नसे.

खरं तर त्यांचं नाव कायम त्यांच्या हातावरच होतं. नऊ वर्षांच्या असताना दोंडाईच्याच्या बाजारात वडिलांनी, लोटनने, गोंदणारणीकडून लेकीच्या हातावर तिचं नाव काढून घेतलं. शाळेच्या पटावर ते चढण्याची चिन्हं नव्हती. कुठेतरी चढावं, एवढाच हेतू. आजीने मायेने आठ दिवस त्यावर दिव्यातलं तेल आणि राख चोळली. हात सुजला, पिकला, आणि खपल्यांबरोबर अक्षरंही निघून गेली. मागे उरला एक निळा डाग.

पुढे सही शिकून नोकरीला लागल्या, तेव्हा सेवापुस्तकात 'ओळखीची खूण' या रकान्यात साहेबांनी लिहिलं : डाव्या हातावर निळा डाग. खाली कलाबाईंनी सही केली. म्हणजे एकाच पानावर त्यांचं नाव दोनदा आलं, पण एक शासनाला वाचता आलं नाही.

निवृत्तीनंतर वर्षभराने, एकसष्टाव्या वर्षी, त्या सविताच्या नवऱ्याला, युवराजला, सोबत घेऊन आकिबच्या टॅटूच्या दुकानात गेल्या.

"नाव काढायचंय? किसका, दादी?" आकिबने विचारलं. "नवऱ्याचं की नातवाचं?"

"मनं. मनं सोतानं."

आकिबने हातमोजे चढवले. कलाबाईंनी त्याला ते बदलायला लावले, कारण त्याने मध्येच मोबाइल उचलला होता. सुईचं पाकीट त्यांनी तारीख वाचूनच फोडू दिलं.

"दादी, तुम्ही इन्स्पेक्टर होत्या काय?"

"त्यानापेक्षा वरनी."

डागाच्या खाली चार अक्षरं उमटली. ते पाहून युवराजलाही स्फुरण चढलं आणि त्याने दंडावर वाघ काढून घेतला.

आता प्रश्न अक्षरं टिकण्याचा होता. ती या वेळीही गेली असती, तर तिसऱ्यांदा काढायला वय आणि हिंमत, दोन्ही नव्हतं. म्हणून कलाबाईंनी स्वतःच्या हाताला पेशंट करून टाकलं. दिवसातून दोनदा साबण, उकळून गार केलेलं पाणी, स्वच्छ फडक्याने टिपणं. जखम ओलसर होती तोवर तेलाचा थेंब नाही. पाचव्या दिवशी कातडी कोरडी पडून ताणू लागली, तेव्हा त्यांनी खोबरेलाची नवी सीलबंद बाटली आणली, आधी उजव्या कोपरात लावून एक दिवस वाट पाहिली आणि मग अक्षरांवर दोन थेंब फिरवले. दोनच.

सविता रुसली. "मना तेलमा काय जहर शे का?"

"तेलमा नही, व माय. तुना बोटमा. आते ठेचा वाटी उनी ना तू?"

सविताने बोटांचा वास घेतला आणि विषय बदलला.

खाज सुटायची तेव्हा कलाबाई उजव्या हाताला काम म्हणून शेंगा सोलायला बसत. महिनाभर सगळ्या कॉलनीला दाणे पुरले.

युवराजचा स्वभाव मात्र भिडस्त. त्याने एकाही बाटलीचा अपमान केला नाही. आबांचं तेल तर दोनदा लावलं. आठव्या दिवशी दंडावर फोड आले आणि डॉक्टर गाठावा लागला. वाघ बरा झाला, पण म्हैस होऊन.

त्यानंतर कॉलनीत कोणाच्या लेकीचे कान टोचले की माय तिला घेऊन थेट कलाबाईंच्या दारात येऊ लागली. कलाबाई कान नंतर बघत. आधी मायलेकींना नळावर उभं करत. सविताही रांगेत असे आणि इतरांना दरडावत असे, "साबन लाव, साबन!"

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला कलाबाई पेन्शनच्या कचेरीत गेल्या. खिडकीतल्या कारकुनाने कागद पाहिले.

"ओळखीची खूण... डाव्या हातावर निळा डाग. दाखवा, मावशी."

कलाबाईंनी हात काउंटरवर ठेवला. कारकुनाने चष्मा वर केला, खाली केला, आणि पहिलीतल्या मुलासारखं मोठ्याने वाचलं, "क-ला-बा-ई. इथं तर नाव आहे."

"वरचंबी नावच आहे, साहेब. कोणाले वाचता नाही आलं."

कारकून डागाकडे बघत राहिला. कागदावरचा 'डाग' हा शब्द बदलण्याची तरतूद नव्हती. त्याने शिक्का मारला आणि आपलं पेन पुढे केलं. कलाबाईंनी सही केली आणि त्या निघाल्या. दारापर्यंत पोचल्या, तेव्हा मागून आवाज आला, "कलाबाई! पेन!"

पेन खरंच त्यांच्या हातात राहिलं होतं. हाक त्यांनी नीट ऐकली होती.

पण आणखी एकदा येऊ दिली.