मोतीबाईचा चुडा

“हे काय?” वनखात्याच्या साहेबानं गाठोड्यातून पांढऱ्या बांगड्या वर काढल्या.

“चुडा हाये साहेब, जुना. आमच्या बाया दंडात घालते.”

शंकरसिंग अंगणात हात जोडून उभा होता. कापूस मातीमोल झाला तेव्हापासून तो तांड्यातांड्यांतून जुनंपानं विकत घेई आणि फुलसावंगीच्या बाजारात विकी. आरसे जडवलेले घागरे, घुंगरं, कुणाच्या सासूची पितळी घागर.

“हस्तिदंत आहे. विकणं गुन्हा, बाळगणंही गुन्हा. परवाना?”

“आज्याच्या वेळचा हाये साहेब. तवा परवाना कोन देत होता, हत्ती?”

गार्ड हसला. साहेब हसला नाही. “घाला याला गाडीत.”

गार्डनं शंकरसिंगचं मनगट धरलं. घाबरलेला माणूस हाताशी असेल ते पुढं करतो. त्यानं बायकोला पुढं केलं. “चोरीचं नोहे साहेब! घरोघरी हाये हे. मोतीबाई, दाखव साहेबाले.”

मोतीबाईनं ओढणी सारली. कोपरापासून खांद्यापर्यंत चुडा, लग्नात चढला तसाच. नवरा मेल्यावरच तो उतरायचा.

“म्हणजे हाही आहे,” साहेब म्हणाला.

“तो इकाचा नाही साहेब, तो तिचा…”

“बाळगणंही गुन्हा, म्हणालो ना? चुडा द्या, नाहीतर दोघंही चला.”

साबण लावला, तरी निघेना. चुड्याभोवती दंड भरून आले होते. गार्डनं लोखंड कापायची करवत आणली.

मोतीबाईची नजर नवऱ्यावरून हलेना. “अवो, सांगा नं त्याईले. तुमी हाय नं अजून.”

“हात हालवू नको,” शंकरसिंग म्हणाला. “लागंन.”

तुकडे पोत्यात पडत गेले. साहेब जाताना म्हणाला, “दात की हाड, ते तपासणीत कळेल. हाड निघालं तर परत मिळेल.”

“कापलेलं?”

“जसं आहे तसं.”

गाडीची धूळ बसते न बसते तोच शंकरसिंगची थोरली बहीण बसंतीबाई चाचपडत आली. तिला दिसत नसे. मोतीबाईचं रडणं ऐकून आली होती. रीतीप्रमाणे तिनं भावजयीच्या गळ्यात गळा घातला. हात खांद्यांवरून खाली आले, उघड्या दंडांवर थबकले, पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले.

मग तिनं सूर धरला.

“दावनीचा बैल हंबरते रे माह्या भाऊ,
तू कोन्या वाटेनं गेला रे माह्या भाऊ…”

शंकरसिंग ओट्यावर होता, तिच्या हाताच्या अंतरावर. सूर चढत गेला. डोक्यावरून ओढण्या ओढत तांड्यातल्या बाया एकेक करून आल्या, आणि त्याच्याकडे न पाहता अंगणात बसल्या.