दोन बाटल्या, तीन पेले

सील शाबूत तर माल शाबूत, या एका सत्यावर जगाचा व्यवहार उभा आहे, असं मारुतरावांचं ठाम मत होतं. मालगाडीचे गार्ड म्हणून दौंडहून सुटणाऱ्या गाड्यांच्या शेवटच्या डब्यात त्यांनी उभी हयात काढली आणि वाघिणींची, म्हणजे मालडब्यांची, सीलं बोटानं चाचपून पाहिली. त्या काळात शाबूत सीलाच्या वाघिणीतून दोनदा साखर गेली. पण त्यानं सत्याला बाध येत नाही. साखरच लबाड होती, एवढंच.

निवृत्तीनंतर चाचपायला वाघिणी उरल्या नाहीत. मग ते दूधवाल्याला चाचपू लागले, पेपरवाल्याला चाचपू लागले आणि दोन हजार चारच्या पावसाळ्यात जावयापर्यंत आले.

जावई विनोद शिरूरचा, रांजणगावच्या कारखान्यात इंजिनियर. लग्नाला वर्ष व्हायच्या आत कंपनीनं त्याला ट्रेनिंगला अमेरिकेत धाडलं. येताना त्यानं दोन बाटल्या आणल्या. एक सासऱ्यांना आणि एक पोपटमामांना, कारण वडलांमागं त्याला लहानाचं मोठं मामांनी केलं होतं. जावयानं सासऱ्याच्या हातात बाटली ठेवायची आपल्यात रीत नाही. म्हणून लेक गौतमीनं ती टॉवेलात गुंडाळून आईकडं, धुरपदाबाईंकडं, दिली आणि वडलांकडं न बघता नवऱ्याचा निरोप सांगितला.

"आबा, ही मक्याची दारू हाय. बर्बन. लाकडी पिंपातनं काढली की थेट बाटलीत, पाण्याचा थेंब न्हाई. म्हणून लई कडक असती. आन् दर बॅचची चव निराळी. तुमची बॅच निराळी, मामांची निराळी."

बाकीचं मारुतरावांनी ऐकलंच नाही. 'निराळी' एवढं त्यांच्या डोक्यात बसलं. बाटलीच्या गळ्याला लाल लाख होती आणि ती एका बाजूला जरा जास्त ओघळली होती. का ओघळली? त्यांनी चाकूनं लाख फोडली, लेबलावर पेन्सिलीनं रेघ मारली आणि बाटली लोखंडी कपाटात ठेवून किल्ली जानव्यासारखी गळ्यात घातली.

रोज जेवणाआधी ते दोन बोटं दारू घेत आणि रेल्वेतल्या सवयीनं पेला पाण्यानं काठोकाठ भरत. चौथ्या दिवशी त्यांनी निदान केलं, "पातळ हाय."

त्याच आठवड्यात शिरूरहून पोपटमामांचा फोन आला. मामा बाजार समितीत अडते. पोतं न उघडता वरून थाप मारून आतल्या कांद्याचा भाव सांगण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता.

"काय गार्डसाब, कशी हाय बाटली?"

"बरी हाय. तुमची?"

"बरी? आवो, एक घोट घेतला आन् कानातनं धूर निघाला! नुसता जाळ! भाच्यानं नाव काढलं बघा."

मारुतरावांनी फोन ठेवला. मामाला जाळ आणि सासऱ्याला सरबत. म्हणजे जावयानं वाटेत बाटली फोडली, निम्मी काढली, पाणी भरलं आणि वर लाख लावली. तरीच ओघळली होती. लेकीचा पहिला दिवाळसण तोंडावर आला होता. त्यांनी धुरपदाबाईंना सुनावलं, "पाणी घातलंय हे ठरलं, तर दिवाळीचं आवतण जाणार न्हाई. जावयालाबी न्हाई आन् लेकीलाबी न्हाई."

"कशापायी? एका बाटलीपायी?"

"आज बाटलीत घातलंय. उद्या संसारात घालंल."

ही बातमी गौतमीपर्यंत पोचली. विनोदनं तिच्याकरवी तोडगा कळवला. तिकडं म्हणे कुठली बाटली कुठली हे न सांगता चव घेतात आणि बॅच ताडतात. दोन्ही बाटल्या एकत्र आणा, चाखा, काय ते ठरवा. मारुतरावांना तोडगा पटला. जावयानं सुचवला म्हणून संशयही आला. नियम मग त्यांनी स्वतः केले.

रविवारी सकाळी गौतमी आणि पोपटमामा एसटीनं दौंडला उतरले. मामांची बाटली पेपरात गुंडाळलेली होती. ती त्यांनी उंबऱ्यातच धुरपदाबाईंच्या हाती दिली, कारण चाखणाऱ्यानं बाटली बघायची नाही हा पहिला नियम होता. मारुतरावांनीही गळ्यातली कपाटाची किल्ली काढून बायकोला दिली. दुसरा नियम, धुरपदाबाईंनी स्वयंपाकघरात तीन पेले भरायचे. दोन पेल्यांत एकच माल, तिसऱ्यात दुसरा. कशात काय ते त्यांनाच ठाऊक. पाणी नाही, शेंगदाणे नाहीत. तिसरा नियम, निकाल लागेपर्यंत धुरपदाबाईंनी चकार शब्द काढायचा नाही. आवाजावरून माणूस ताडतो.

एवढं करूनही पेल्यांचा रंग दिसतोच. म्हणून मारुतरावांनी ट्रंकेतून गार्डाचे दोन झेंडे काढले. हिरवा आपल्या डोळ्यांवर बांधला, लाल मामांच्या.

"मला लाल का म्हून?" मामा म्हणाले.

"थांबायला शिकावं म्हून."

स्वयंपाकघरात बराच वेळ लागला. मध्येच धुरपदाबाई दाराशी आल्याची चाहूल लागली.

"आवो, ऐकलं का—"

"बोलायचं न्हाई!" मारुतराव झेंड्याआडून गरजले. "नियम म्हंजी नियम!"

बांगड्या आत गेल्या. थोड्या वेळानं ताट आलं.

पहिला घोट घेताच मारुतरावांच्या घशात इंजिन शिरलं. पाण्याविना ही दारू त्यांनी आजवर घेतलीच नव्हती. दुसऱ्या घोटाला जीभ बधिर झाली. तिसऱ्याला डोळ्यांतून पाणी आलं आणि हिरवा झेंडा ओला झाला. तरी त्यांनी तिन्ही पुन्हा चाखले, मान डोलावली आणि पेल्यांच्या काठावर बोट ठेवत सांगितलं, "पहिला आन् तिसरा एक. अस्सल. ह्यो मधला फितूर हाय. ह्यात पाणी हाय, ही माझी बाटली."

"काय बोलता!" मामा खोकत म्हणाले. "आवो, मधल्यातच तर जाळ हाय! ही माझी! ह्योच तो कानातला धूर. मी झोपेत वळखीन."

"मामा, ह्यात पाणी हाय."

"गार्डसाब, तुमच्या जिभंला गंज चढलाय."

गौतमी भिंतीला टेकून उभी होती. "आबा, मग ठरलं काय?" ती पुढं आली. "आम्ही यायचं का न्हाई?"

मारुतरावांनी झेंडा सोडला. "मी ठरवलंय ते ठरवलंय. मधल्यात पाणी हाय. तू ये, तू लेक हायस. त्याला—"

"आता तरी बोलू का?" धुरपदाबाईंनी विचारलं.

"बोल. मधल्यात कुठली बाटली व्हती?"

"तुमचीच."

"बघा!"

"पहिल्यातबी तुमचीच आन् तिसऱ्यातबी तुमचीच. मामांची उघडंना. चाकूनं बघितलं, सांडशीनं बघितलं. विचारायला आले तर तुम्ही वराडलात. मग म्या तिन्ही पेल्यांत एकीतलंच ओतलं." त्या लेकीकडं वळल्या. "गौते, जावयांना सांग, वसुबारसेलाच या."

पोपटमामांनी अजून लाल झेंडा सोडला नव्हता.

मारुतराव स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर मामांची बाटली पेपरातून अर्धी बाहेर आली होती. त्यांनी सवयीनं तिच्या गळ्यावरून बोट फिरवलं. चाकूचे दोन ओरखडे सोडले तर लाख जशीच्या तशी होती. सील शाबूत होतं.