उजव्या हाताची सही

“आधी दारावरच्या शब्दाचा अर्थ सांगा, मग चेंडू दाबतो,” पेंटर म्हणाला.

व्यायाम करून घेणाऱ्या मॅडमनी त्याच्या बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, “सांगून टाका हो. नाहीतर हे संध्याकाळपर्यंत असेच बसतील.”

‘रिहॅबिलिटेशन विभाग’ हा बोर्ड त्यानेच बारा वर्षांपूर्वी रंगवला होता. तेव्हा अर्थ विचारला नव्हता; रंगवणाऱ्याला अक्षराची उंची लागते, अर्थ नाही. आता पक्षाघाताने उजवा हात लुळा पडला आणि त्याच दारातून आत यायची पाळी आली, तेव्हा मात्र तो शब्द त्याच्या डोक्यात ठाण मांडून बसला.

“लॅटिनमधून आलाय,” मॅडम म्हणाल्या. “‘री’ म्हणजे पुन्हा. ‘हाबिलिस’ म्हणजे कामाला लायक. आणि त्याच्याही मुळाशी ‘हाबेरे’, म्हणजे धरणं, जवळ असणं.”

“म्हणजे पुन्हा धरता येणं.”

“काका, ते शब्दाचं झालं. तुमच्या हातात ब्रश येईल असं वचन मी देत नाही.”

“मागितलंय कुणी?” म्हणत त्याने चेंडू दाबला. चेंडू दबला नाही. त्याला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

पुढच्या आठवड्यात बायकोच्या पिशवीत रंगाचे डबे होते. बोर्डाचा रंग उडाला होता. तो नवा करायचा, आणि डाव्या हाताने, असं त्याने ठरवलं होतं. “उभ्या जन्मात डाव्या हाताने कप उचलला नाहीत!” ती करवादली, पण बोर्ड उतरवून टेबलावर ठेवल्यावर सरळ रेघ आखायला खडू लावलेल्या दोऱ्याचं दुसरं टोक तिनेच धरलं. रोज व्यायाम झाला की एक अक्षर. पहिलं ‘रि’ झिंगल्यासारखं कललं. बायको हसली, तोही हसला. दहाव्या दिवशी शेवटचा ‘ग’ मात्र ओळीत ताठ उभा राहिला.

बोर्ड दारावर चढला. मॅडम म्हणाल्या, “काका, कोपऱ्यात सही राहिली की. आधी होती.”

“राहिली नाही, ठेवलीय. सही उजव्या हाताने करतो मी.”

तो आत गेला आणि उजव्या तळव्यावर चेंडू घेतला. चेंडू घरंगळत पलंगाखाली गेला. बायको वाकणार, तेवढ्यात त्याने तिला थांबवलं आणि भिंतीचा आधार घेत स्वतःच हळूहळू खाली बसला.