कान्हूच्या उघाडीवरची घंटी

गुडघ्याने दगा दिला होता, पण ते कबूल करेल तर तो कान्हू कसला! पेणजवळच्या खाडीकाठी बांधावरची उघाडी, म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायचं दार, तीस वर्षं तोच सांभाळत होता. भरतीचं पाणी खुणेपर्यंत चढलं की झडप खाली सोडायची, नाहीतर खारं पाणी थेट भातात. आषाढात तो निसरड्या बांधावरून घसरला आणि त्याच्या लेकीच्या, भूमिकाच्या, जिवाला घोर लागला.

भूमिका रोह्याच्या एका कारखान्यात सर्किटांचं काम शिकत होती. तिने उघाडीवर बसवायला एक पेटी बनवली. पाणी खुणेला लागलं की बांधापासून हाकेवरच्या घरात घंटी वाजणार आणि तिचा भाऊ मिथुन झडप सोडायला धावणार. कान्हू म्हणाला, "एक उधाण बघीन. वाजली तर घरी बसंन. नाय वाजली तर परत बोलायचं नाय."

पाण्याची खबर पेटीतल्या चिपच्या एका रजिस्टरमध्ये, म्हणजे आकडा ठेवायच्या खणात, यायची. ती वाचायची प्रोग्राममधली ओळ भूमिकाला छळत होती. एक आकडा, त्याच्याआधी कंस, कंसाबाहेर चांदणी. शेवटी तिच्याबरोबर काम करणाऱ्या खांब गावच्या आदेशने डबा खाता खाता समजावलं, "आकडा म्हंजे घराचा नंबर. कंस सांगतो, हा नुसता आकडा नाय, पत्ता हाय. आन चांदणी म्हंजे त्या पत्त्यावर जा नि दार उघडून आत बघ."

एवढं तिला लख्ख कळलं. कंसातला 'व्होलाटाइल' शब्द मात्र उगाच शोभेला ठेवल्यासारखा वाटला, म्हणून तिने तो काढून टाकला. घरी बादलीत पेटी बुडवली, घंटी वाजली. मग शहाणीने प्रोग्राम वेगवान करायचा पर्याय निवडला आणि पुन्हा तपासलंच नाही.

अमावास्येच्या दुपारी सगळे बांधावर जमले. पाणी खुणेला लागलं, खुणेच्या वर गेलं. घंटी मुकी. कान्हूनेच लंगडत जाऊन झडप सोडली. भूमिकाचे डोळे भरून आले.

कान्हू तिच्याशेजारी टेकला. "पुन्ना पुन्ना बघतंय ना गो ते पाण्याकडं?"

"सांगितलंय तसं, बाबा."

"मी नवा होतो तवा एकदा पाणी बघितलं नि निजलो. म्हटलं, मी झडपेला हात लावला नाय, तर पाणी कशाला बदलंल? उठलो तर भातात मासं!"

भूमिका रडता रडता हसली आणि एकदम थांबली. तिचा प्रोग्राम चिपच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरने नेमकं हेच केलं होतं. प्रोग्राममध्ये त्या जागेला कोणी हात लावत नाही, मग पुन्हा कशाला बघा? एकदाच वाचायचं आणि तेच धरून बसायचं. तिने काढून टाकलेला शब्द त्याला बजावत होता, की बाबा रे, ही जागा आपली आपण बदलते, दर वेळी जाऊन बघ.

तिने तिथेच लॅपटॉप उघडून शब्द परत घातला. "बाबा, अजून एक उधाण?"

कान्हूने तिच्या डोक्यावर टपली मारली. "उद्या."

दुसऱ्या दिवशी भूमिकाने रजा काढली. दुपारी सगळी जेवायला बसली होती. घंटी खणखणली. मिथुन ताटावरून उठून पळाला. कान्हूही सवयीने अर्धा उठला. बांधावरून मिथुनची हाक आली, "सोडलीऽऽ!"

कान्हू हळूच पुन्हा पाटावर टेकला. बायकोने, ठमाबाईने, वाटीत आमटी ओतली. त्याने भुरका मारला, जीभ पोळली, आणि तो तिच्याकडे बघतच राहिला.

"ठमे, उधाणाच्या दिवशी तुजी आमटी इतकी गरम असते व्हय गो?"