हलायचं नाही

बाईंच्या वर्गात एक नियम होता आणि तो पाढ्यांच्याही आधी शिकवला जाई. खिडकीत फोन लागला की हलायचं नाही.

हलायचं नाही म्हणजे अजिबात नाही. नाकावर माशी बसली तर ती जागा माशीची आहे असं समजायचं. खाज सुटली तर ती शेजारच्याला सुटली आहे असं मानायचं. शिंक तेवढी बाईंनी माफ केली होती. शिंकेलाही शिस्त लावायचा प्रयत्न त्यांनी एकदा करून पाहिला होता, पण दाबलेली शिंक सुटते तेव्हा व्याजासकट सुटते, असा अनुभव पुढच्या रांगेतल्यांनी मानेवर घेतला होता.

हे खूळ मुळात बाईंचं नव्हतं, रेंजचं होतं. शाळा एका खोलीची, बाई एकट्या आणि रेंज अख्ख्या आवारात मिळून एका खिडकीपुरती. पाण्याच्या पिंपाशेजारच्या त्या खिडकीत विटेला टेकवून फोन ठेवायचा. वीतभर इकडेतिकडे झाला की गेली रेंज. फोन नणंदेचा. "वहिनी, टाकूनच देणार होते, म्हटलं तुला द्यावा," असं म्हणून तिने तो मोठ्या मनाने दिला होता. त्याच्या काचेला तडा होता आणि मनात आलं तरच तो बोलायचा. घराण्याचं वळण काही सुटलं नव्हतं.

या फोनवर दर आठवड्याला समुद्रापलीकडच्या एका वर्गाशी बाईंच्या वर्गाची गाठ पडायची. शाळांच्या जोड्या फुकट जुळवून देणारी एक वेबसाइट आहे. लग्नं जुळवणाऱ्या मंडळींपेक्षा बरी, निदान समोरचा वर्ग फोटोत दाखवला तेवढाच निघतो. तिकडच्या बाईंची भाषा निराळी होती. इंग्रजी मात्र दोघींची अगदी सारखी, म्हणजे दोघींनाही येत नव्हती. त्यामुळे बोलणं पाटीवर चित्रं काढूनच व्हायचं.

सुरुवातीला पोरं उत्साहाने हात हलवायची, उड्या मारायची आणि चित्राचे चौकोन चौकोन होऊन लाइन तुटायची. मग तापाची साथ आली. पोरं मलूल होऊन भिंतीला टेकून बसली होती, आणि त्या दिवशी चित्र असं स्वच्छ आलं की तिकडच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. पोरं बरी झाली, पण बाईंनी बसणं तेच ठेवलं. सराव म्हणून त्यांनी खेळही काढला. मध्येच त्या ओरडायच्या, "हला!" जो हलला तो बाद. "मी म्हटलं, मुख्यमंत्र्यांनी म्हटलं, कुणीही म्हटलं, तरी हलायचं नाही." पोरं त्यात इतकी तयार झाली की एकदा भिंतीवरून पाल पडली आणि फक्त पाल हलली.

तिकडच्या वर्गाला वाटलं असावं की इकडे पाहुण्यांना मान द्यायची हीच रीत आहे. माणसं सभ्य. पुढच्या वेळेपासून तीही पुतळ्यासारखी बसू लागली. अशी दोन खंडांतली पोरं एकमेकांकडे टक लावून, श्वाससुद्धा बेताने घेत बसायची, आणि तरी त्यांची मैत्री कशी झाली हे विचारू नये, ती झाली होती. इकडे चिमणी म्हणून एक पोर होती, तिचे पुढचे दात पडले होते, तिकडच्या एका मुलीचेही. लाइन चांगली असली की दोघी न हलता फक्त तोंड उघडायच्या. किती आलाय, बघ. तुझा? गप्पा संपल्या.

आता यात कुणाला काही भलतं वाटायचं कारण नव्हतं. पण वरून हुकूम आला की लहान शाळा बंद करून पोरं हायवेपलीकडच्या मोठ्या शाळेत पाठवायची. ओढ्याच्या वरच्या अंगाची शाळा आधीच अशी बंद झाली होती. तिथली पोरं मोठ्या शाळेत गेली, थोडे दिवस. आता त्यातली बरीच खाणीवर खडी फोडताना दिसतात. बाई तिथून जाताना मान खाली घालतात, आणि पोरं हातातली हातोडी ठेवून अजून उठून उभी राहतात. बाईंना रात्री झोप येत नाही ती यामुळे. आपलीही पोरं एक दिवस तशी उठून उभी राहतील, आणि चिमणी त्यांत पुढे असेल.

हुकमात एकच पळवाट होती. ज्या शाळेचा परदेशातल्या शाळेशी थेट वर्ग चालू आहे, ती शाळा बंद होणार नाही. वाक्य भाषणात शोभावं म्हणून कुणीतरी घातलं असणार. अशी शाळा खरंच असेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. बाईंनी कळवलं, आमची आहे. मग तपासायला साहेब निघाले.

साहेब येण्याच्या आधीच्या खेपेला तिकडच्या बाईंनी फळ्यावर घर काढलं होतं आणि त्यावर मोठी फुली मारली होती. बाईंनी बराच वेळ विचार केला. फुली म्हणजे गुणाकार, तिकडे गुणाकार सुरू झालेला दिसतो. म्हणून त्यांनी झटकन पाटीवर बेचा पाढा लिहिला आणि वर्गाकडून खड्या आवाजात म्हणवून घेतला. पोरांचे फक्त ओठ हलत होते. तिकडच्या बाईंनी तो सगळा ऐकला आणि डोळे पुसले. बाईंना वाटलं, खडूची धूळ.

साहेब आले. वाईट माणूस नव्हता. घामेजलेला, पायात चावणारे बूट, सकाळपासून शाळा बंद करत आलेला.

"दाखवा बाई तुमचं जग," खुर्चीवर टेकत ते म्हणाले.

बाई खिडकीपाशी गेल्या. फोन विटेला टेकवला, बटण दाबलं, एकदा वाजून बंद पडला, पुन्हा दाबलं आणि लागला. पोरं रांगेत बसली, लहान पुढे. समोर तिकडचा वर्ग आला, स्वच्छ, ठसठशीत. साहेबांनी चष्मा लावला, वाकले, पाहिलं. आणखी जवळून पाहिलं.

"फोटो आहे हा."

"नाही हो साहेब! थेट आहे."

"बाई, परवा एका शाळेत मला अशीच परदेशी पोरं दाखवली. कॅलेंडर होतं. खाली अमावास्या छापलेली दिसत होती."

"साहेब, देवाशपथ जिवंत आहेत."

"मग एकजण तरी हलतोय का? चाळीस डोळे आणि एक पापणी लवत नाही. आणि ही तुमची पोरं तरी काय, खरी आहेत ना?"

तिकडची पोरं इकडची हलली की हलतील, हे बाईंना ठाऊक होतं. त्या वर्गाकडे वळल्या.

"हला रे!"

पोरांच्या डोळ्यांत चमक आली. साहेबांसमोर परीक्षा! कुणीही हललं नाही.

"अरे, खरंच सांगतेय! खेळ नाही हा! हला! चिमणे, तू तरी हल गं माझे बाई!"

चिमणीने दात नसलेलं तोंड घट्ट मिटलं. बाई रडवेल्या झाल्या, त्यांनी हात जोडले, तेव्हा तर पोरांना त्यांच्या अभिनयाचं फार कौतुक वाटलं. इतकी अवघड परीक्षा आजवर झाली नव्हती. आणि समुद्रापलीकडेही, इकडे काहीतरी मोठा मानाचा प्रसंग चालला आहे असं पाहून, पोरं आणखी ताठ झाली.

साहेब उठले. "बाई, प्रामाणिक दिसता, म्हणून वर काही कळवत नाही. पण शाळा बंदच लिहितो." ते निघाले.

बाईंनी फोन उचलला आणि मागे धावल्या. "साहेब, हे बघा, हे बघा!" जीपपाशी पोचून त्यांनी फोन साहेबांच्या नाकासमोर धरला. काचेवर तडा होता आणि त्यामागे काळोख. खिडकीतून निघाला तेव्हाच रेंज गेली होती.

"बाई," साहेब अवघडून म्हणाले, "असं करू नका. बरं दिसत नाही."

बाई तशाच उलट्या पावली खिडकीकडे पळाल्या. फोन विटेला टेकवला. बटण दाबत राहिल्या, पुटपुटत राहिल्या, "लाग रे बाबा, लाग," आणि नणंदेचीही मनातल्या मनात माफी मागून झाली.

फोन खिडकीतून हलला म्हणजे खेळ संपला. पोरं उठली. बाईंना खरोखरचं रडू फुटलंय हे आता त्यांना दिसलं, आणि जीप सुरू झालेली ऐकू आली. पहिली चिमणी पळाली. मग सगळी. जीपच्या पुढ्यात, धुळीत, ती रांगेने बसली, लहान पुढे, आणि थांबली. त्यांना येत होतं ते एवढंच.

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. जीप हातभर पुढे घेतली. एक पापणी लवली नाही.

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि मागे वळून विचारलं, "साहेब, हाही फोटोच का?"

साहेब खाली उतरले. "उठा रे! ए पोरी, ऊठ! कान नाहीत का?" कुणाला कान नव्हते. शेवटी ते पाय आपटत वर्गाच्या दारात आले. "बाई! तुमची पोरं आवरा आधी!"

"साहेब, या," बाई खिडकीतून न वळता म्हणाल्या. "लागला."

साहेब बघायला वाकले आणि दचकले. पडदाभर एक माणूस होता. घामेजलेला, चष्म्याचा, काखेत फाइल धरलेला. तोही वाकून इकडेच बघत होता. दोघे एकमेकांकडे बघत राहिले. दोघांनाही समोरचा खरा आहे की नाही याची शंका होती. मग पलीकडच्या माणसाने नाक खाजवलं.

"हलला!" साहेब म्हणाले. त्यांचा हात नकळत स्वतःच्या नाकाकडे गेला. "फोटो नाही हा. आणि माणूस आमच्यातलाच दिसतोय, फाइल बघा कशी धरलीय." त्यांनी मान लववली. पलीकडूनही मान लवली. साहेबांनी कागद मांडीवर घेऊन आधीचं खोडलं. "थेट वर्ग, चालू. झालं बाई. आता तरी डोळे पुसा."

बाई पिंपाला धरून मटकन खाली बसल्या. पोरं एकेक करून आत आली आणि सवयीने आपापल्या जागी बसली.

तिकडचा साहेब बाजूला झाला तेव्हा मागची भिंत दिसली. फळ्यावर तेच घर होतं आणि त्यावर तीच फुली, कुणी न पुसलेली. त्या माणसाने काहीतरी सांगितलं. आणि तिकडची पोरं, पहिल्यांदाच, उठली. दोघा दोघांनी एकेक बाक उचलला आणि दाराकडे न्यायला सुरुवात केली. चित्राचे चौकोन झाले. चौकोनांत कुठे बाकाचा पाय, कुठे हात, कुठे तिकडच्या बाईंची पाठ.

बाईंना ते घर आता वाचता आलं. घर म्हणजे शाळा, फुली म्हणजे बंद. ती बाई गेल्या खेपेला मदत मागत होती, आणि आपण तिला बेचा पाढा म्हणून दाखवला.

"हलू नका!" त्या फोनवर ओरडल्या. "अहो, बसवा त्यांना! हलू नका रे!" मग त्यांनी साहेबांची बाही धरली. "साहेब, त्यांच्या साहेबांना सांगा ना. तुम्ही मान लववलीत, त्यांनीही लववली. इकडचा वर्ग चालू आहे म्हणावं. चालू लिहा म्हणावं."

साहेबांनी बाही सोडवली नाही. "बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "ते माझ्या हद्दीत येत नाही हो."

सगळ्यात शेवटी ती दात पडलेली मुलगी पडद्याजवळ आली. इतकी जवळ, की तडा तिच्या गालावरून गेला. तिने तोंड उघडलं. हिरडीतून नव्या दाताची पांढरी कड वर आली होती. आणि चित्र थांबलं.

चिमणीने आपलं तोंड उघडून दाखवलं. बराच वेळ उघडं ठेवलं.

"बाई, बघा ना," ती कौतुकाने म्हणाली, "कशी उभी आहे. जरासुद्धा हलत नाही."

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. फोटो कसा दिसतो हे त्यांना माहीत होतं. त्यांनी चष्मा काढला, फाइल उचलली आणि आवाज न करता दाराकडे वळले.

"साहेब," चिमणी ओठ न हलवता कुजबुजली, "हलू नका. लाइन तुटेल."

साहेब उचललेला पाय होता तिथेच टेकवून दारात उभे राहिले.